काट्यापासून खतावणीपर्यंत

लेकरा, पुण्यातली नोकरी सोडून तू माजलगावला परत येतेयस आणि इथल्या जिनिंगला, आडतीला, खत-बियाण्याच्या दुकानांना चालेल असं खुलं सॉफ्टवेअर उभं करणार आहेस, हे अक्कानं फोनवर सांगितलं. तिला काळजी वाटते. मला आनंद झाला. माझं आयुष्य मोंढ्यात दिवाणजी म्हणून वह्या लिहिण्यात आणि पुढं त्याच वह्या कॉम्प्युटरवर चढवण्यात गेलं. समोर बसून बोलायला लागलो की निम्म्या गोष्टी राहून जातात, म्हणून तुझ्यासाठी हे लिहून ठेवतो. सावकाश वाच, आणि पटलं नाही तर भांड.

पहिली गोष्ट ही की, कीर्द-खतावणी नव्यानं लिहायला बसू नकोस. जमा-नावे, साठा, खरेदी, विक्री, येणं-देणं हा सगळा गाभा आपल्याच राज्यात तयार होऊन जगभर वापरला जातोय. मुंबईच्या रुषभ मेहतांना घरच्या फर्निचरच्या धंद्यात ईआरपी, म्हणजे सगळ्या धंद्याचा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवताना जो त्रास झाला, त्यातून ईआरपीनेक्स्ट जन्माला आलं. २००८ साली त्यांनी कंपनी काढली, तीच आजची फ्रापे. ईआरपीनेक्स्टचा सगळा कोड जीपीएल आवृत्ती ३ या परवान्याखाली खुला आहे आणि ज्या चौकटीवर ते उभं आहे ती एमआयटी परवान्याखाली. म्हणजे तू तो घेऊ शकतेस, बदलू शकतेस, विकूही शकतेस. स्वतः दृष्टिहीन असलेल्या कृष्णकांत माने यांच्या पुढाकारानं झालेलं हिशोबाचं सॉफ्टवेअर जीएनयूखाताही एकदा उघडून बघ. छोट्या दुकानदाराला किती थोडक्यात भागतं ते त्यातून कळतं. ही माणसं तुझ्या आधी या रस्त्यानं गेली आहेत. त्यांनी सोडवलेलं गणित परत सोडवण्यात तुझी दोन-तीन वर्षं घालवू नकोस. ती वर्षं तुला दुसरीकडे लागणार आहेत.

कुठं, ते सांगतो. जिनिंगच्या काट्यावर जाऊन बस. ऑफिसात बसू नकोस, मालक चहा पाजून सगळं सोपं करून सांगतील. काट्यावर भरलेली गाडी तोलली जाते, कापूस उतरतो, रिकामी गाडी परत तोलली जाते. मध्येच कुणी ओलावा बघतो. सीसीआयच्या, म्हणजे कापूस महामंडळाच्या, खरेदीत ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, त्यापुढं कपात आणि १२ च्या पुढं खरेदीच नाही. खासगी जिनिंगवाला हेच अंदाजानं, मुठीत कापूस दाबून ठरवतो. तुझ्या पडद्यावर वजन आणि भाव एवढे दोनच रकाने असले तर तिथला मुनीम पहिल्याच दिवशी वही काढेल.

मग आतला भाग. बाहेरच्या देशात आणि मोठ्या शहरांत लिहिलेल्या सॉफ्टवेअरची समजूत अशी असते की पुष्कळ कच्चा माल एकत्र येतो आणि त्यातून एक वस्तू तयार होते. चार पाय, एक फळी, थोडे खिळे, की टेबल. जिनिंगमध्ये उलटं होतं. एक कापूस आत जातो आणि रुई व सरकी अशा दोन वस्तू बाहेर येतात. दोन्ही विकायच्या, दोन्हींचा बाजार वेगळा, शिवाय कचऱ्याची आणि ओलाव्याची घट. क्विंटलमागं रुईचा उतारा साधारण तेहतीस ते छत्तीस किलो बसतो, बाकी बहुतेक सरकी. मग कापसाला दिलेले पैसे रुईवर किती टाकायचे आणि सरकीवर किती? वजनाच्या हिशोबानं वाटलेस तर सरकी महाग आणि रुई स्वस्त दिसेल, आणि मालक म्हणेल तुझं यंत्र खोटं बोलतं. तो खरं बोलत असेल. इथं त्या त्या दिवसाच्या बाजारभावाच्या प्रमाणात खर्च वाटतात. कापूस क्विंटलमध्ये घेतात, रुईचा भाव खंडीवर बोलतात, खंडी म्हणजे ३५५.६२ किलो. माल जातो गठाणीत, एक गठाण १७० किलोच्या आसपास. तिन्ही मापं एकाच मालाची आहेत. त्यातला अपूर्णांक कुठं कापायचा आणि कुठं ठेवायचा हे तू एकदाच ठरव, आणि सगळीकडे तेच ठेव. मी पाहिलेले निम्मे तंटे या अपूर्णांकातल्या शेवटच्या दोन आकड्यांचे होते.

कर राहिलाच. शेतकऱ्याकडं जीएसटी नंबर नसतो. १५ नोव्हेंबर २०१७ पासून शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावरचा कर रिव्हर्स चार्जनं घेणाऱ्यानं भरायचा असं ठरलं. म्हणजे जिनिंगवाल्यानं स्वतःच्याच नावानं बिल बनवायचं, कर भरायचा आणि मग त्याची वजावट घ्यायची. हे सॉफ्टवेअरनं आपसूक केलं पाहिजे, कारण सुगीत दिवसाला शंभर गाड्या येतात. आणि ३१ मार्चला साठ्याची किंमत काढायची असते तेव्हा हंगाम अजून उरलेला असतो. गोडाऊनमध्ये कापूस, रुई, सरकी तिन्ही पडलेलं असतं. त्या दिवशी तुझा आकडा आणि गोडाऊनचा आकडा जुळला, तर समज की पाया पक्का आहे.

आडतीचं त्यामानानं सोपं आहे. शेतकऱ्याची पट्टी करायची, हमाली-तोलाई वजा करायची, आधी घेतलेली उचल वजा करायची, बाकी हातात द्यायची. फक्त पट्टी शेतकऱ्याला मराठीत, मोठ्या अक्षरात मिळाली पाहिजे.

खत-बियाण्याच्या दुकानात मात्र तू अडशील, आणि अडशील ती तारखेवर. प्रत्येक उधारीच्या बिलाला सॉफ्टवेअर मुदत मागतं, तीस दिवस, पंचेचाळीस दिवस. केजच्या किंवा गेवराईच्या दुकानदारानं जूनमध्ये बियाणं उधार दिलं की त्याची मुदत असते 'सोयाबीन निघाल्यावर' किंवा 'कापसाची पहिली वेचणी विकल्यावर'. मुनीम मग काहीतरी तारीख टाकतो, ऑगस्टमध्ये निम्मं गाव थकबाकीदार दिसतं, आणि मालक तो अहवाल उघडणंच बंद करतो. मुदतीला पीक जोड. पाऊस लांबला तर एका ठिकाणी बदल केला की त्या पिकाच्या सगळ्या उधारीची तारीख पुढं सरकली पाहिजे. हे कुठल्याही तयार सॉफ्टवेअरमध्ये मला सापडलं नाही, आणि आपल्याकडच्या दुकानदाराला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. औषधांचे बॅच नंबर, मुदत संपल्याच्या तारखा, बियाण्यांचे लॉट हे सगळं तयार मिळतं. तुझी ताकद पीक-मुदतीवर खर्च कर.

आता एक अवघड गोष्ट. तुझं नाव झालं की ऊसतोडीचे मुकादम तुझ्याकडं येतील. आपल्या बीड जिल्ह्यातून दर साली दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला माणसं जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. टोळीचा हिशोब कोयत्यावर असतो, नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस असला की अर्धा. उचल आधी दिलेली, तोडणी टनावर, आणि हंगामाअखेर उचल फिटली नाही तर पुढच्या साली नावावर. मुकादमालाही कारखान्याला हिशोब द्यायचा असतो, त्याला सॉफ्टवेअर हवं असणं साहजिक आहे. त्याला नाही म्हणू नकोस. पण एक अट घाल आणि ती कोडमध्येच घाल: ज्याच्या नावावर उचल आहे त्याच्या फोनवर प्रत्येक नोंद गेली पाहिजे, किती दिली, किती टन तोडलं, किती कापलं, किती उरलं. फोन नसेल तर छापील चिठ्ठी, मराठीत. आणि कोयत्यातल्या बाईचं नाव वेगळं नोंदव. कष्ट दोघांचे असतात आणि हिशोब एकट्या पुरुषाच्या नावावर चढतो, हे मी उभ्या आयुष्यात पाहिलंय. तुझ्या सॉफ्टवेअरमुळं कर्जाचा आकडा फक्त देणाऱ्याला आणखी स्पष्ट दिसणार असेल, तर ते आमच्या जुन्या वहीपेक्षा वाईट. ही अट मान्य नसलेलं गिऱ्हाईक जाऊ दे.

मराठीबद्दल थोडं. लोक म्हणतात भाषांतर केलं की झालं. बटणावरचे शब्द बदलणं हे एका आठवड्याचं काम आहे. खरी अडचण नावांची. एकाच गावात ज्ञानोबा, ज्ञानबा आणि ग्यानबा असं एकाच माणसाचं नाव तीन पावत्यांवर तीन तऱ्हेनं येतं आणि तीन खाती उघडतात. उलट, एकाच नावाचे दोन चुलतभाऊ असतात आणि दोघांचं एकच खातं होतं. म्हणून वडिलांचं नाव आणि गाव हे रकाने सक्तीचे कर, आणि शोध मराठीत टाकला काय किंवा इंग्रजी अक्षरांत टाकला काय, सारखाच चालला पाहिजे. अक्षरी रक्कम लिहिताना सावध राहा. इंग्रजीत पंचवीस-तीस शब्द माहीत असले की शंभरापर्यंतचा आकडा जोडता येतो. आपल्याकडं नव्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याचा शब्द निराळा आहे, त्याची पूर्ण यादी लागते, आणि ती यादी एखाद्या मराठीच्या बाईंकडून तपासून घे. आकड्यात स्वल्पविराम लाख-कोटीच्या जागी. छापताना सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट नसला की पावतीवर चौकोन येतात, जोडाक्षरं फुटतात. पहिल्या दिवशी अशी एक पावती शेतकऱ्याच्या हातात गेली की मालकाचा विश्वास सहा महिने परत येत नाही.

मुनिमाच्या बोटांचा मान राख. टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर १९८६ पासून आहे, भरत गोयंका यांनी वडिलांच्या धंद्याची गरज पाहून ते लिहायला घेतलं, आणि आज आपल्याकडचा प्रत्येक मुनीम एफ ८ ला विक्री, एफ ९ ला खरेदी, एफ ५ ला पेमेंट हे डोळे मिटून दाबतो. त्याला माऊस दिलास तर त्याचा वेग निम्म्यावर येतो, आणि मालकाला तो सांगतो, 'नवीन हळू आहे.' तो खोटं सांगत नाही. सगळी नोंद कीबोर्डवरून झाली पाहिजे, शक्य तिथं त्याच बटणांवर. त्याच्या मनात आणखी एक भीती असते, ती तो बोलून दाखवणार नाही: हे आलं की माझं काय. त्याला पहिल्या दिवसापासून शेजारी बसव, चुका त्यालाच काढायला सांग, आणि त्यानं काढलेली चूक दुरुस्त झाली की मालकासमोर त्याचं नाव घे. ज्या दुकानात मुनीम तुझा झाला, तिथं तू टिकलीस.

केव्हा सुरू करायचं याचंही गणित आहे. जिनिंगला दिवाळीनंतर हात लावू नकोस, तिथं पावसाळ्यात जा. खताच्या दुकानात मे-जूनमध्ये पाऊल टाकू नकोस, जानेवारी-फेब्रुवारी बरा. आणि कुठंही जुनी पद्धत एका रात्रीत बंद करू नकोस. निदान एक महिना दोन्ही चालव, रोज संध्याकाळी रोजमेळ ताडून बघ.

वीज आणि नेट. ईआरपीनेक्स्ट ब्राऊझरमधून चालतं, आणि आपल्याकडं मोंढ्यात नेमकं गर्दीच्या वेळी नेट जातं. दुकानात बसलेलं गिऱ्हाईक दहा मिनिटं थांबेल. काट्यावरची ट्रॅक्टरची रांग थांबत नाही, तिथं आरडाओरडा होतो. म्हणून काट्याचा भाग वेगळा, लहान, त्याच जागेवरच्या मशीनवर चालणारा कर. वजनाचा आकडा वायरीतून थेट घे, हातानं टाकू देऊ नकोस, पावती तिथंच छाप, आणि नेट आलं की मागची सगळी नोंद मुख्य सर्व्हरवर जाऊ दे. पावती क्रमांक काट्याचा स्वतःचा ठेव, म्हणजे नेट आल्यावर एकच नोंद दोनदा चढणार नाही. हे काम दिसायला छोटं आहे. मला विचारशील तर तुझ्या सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ चाचणीत इथं गेला पाहिजे.

कायदा. सॉफ्टवेअर लिहून झालं असं व्यापारी सॉफ्टवेअरमध्ये कधीच म्हणता येत नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. ई-इनव्हॉइस ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना लागू झालं, आणि पायरी पायरीनं उतरत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आलं, म्हणजे आपल्या जिनिंगवाल्यांच्या दारात. १७ सप्टेंबर २०२५ ला बीडला पहिली रेल्वे आली, आपण सगळे त्या आनंदात होतो, आणि पाचच दिवसांनी, २२ तारखेला, जीएसटीचे दर बदलले. १२ आणि २८ चे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले. ठिबकचा संच १२ वरून ५ वर, ट्रॅक्टर १२ वरून ५ वर, सिमेंट २८ वरून १८ वर. आता बघ, १५ सप्टेंबरला विकलेलं ठिबकचं साहित्य शेतकऱ्यानं ऑक्टोबरमध्ये परत आणलं. परतीची नोंद कुठल्या दरानं? मूळ बिलाच्या, १२ टक्क्यांच्या. ज्यांनी वस्तूच्या पाटीवर नुसता दर लिहून ठेवला होता, त्यांना जुनं बिल आणि नवा दर यांचा मेळ घालता येईना. म्हणून दर हा वस्तूला कधीच चिकटवू नकोस. दराला 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं जोड, आणि परतीची नोंद नेहमी मूळ बिलावरून उचल. जीएसटीचा भाग स्वतः लिहू नकोस, इंडिया कम्प्लायन्स नावाचं वेगळं खुलं अ‍ॅप आहे, ते सांभाळणारे लोक आहेत. त्यांना हातभार लाव.

यालाच जोडून एक सांगतो, आणि हे मनावर कोरून ठेव. गाभ्याला हात लावायचा नाही. जिनिंगवाला म्हणेल माझं बिल असं हवं, आडतवाला म्हणेल मला तसं हवं. दोघांसाठी तू मूळ कोडमध्ये बदल केलास की तुझ्याकडं दोन वेगळी सॉफ्टवेअरं झाली. दहा गिऱ्हाइकं झाली की दहा. मग नवी आवृत्ती येते, कायदा बदललेला असतो, आणि तुला दहा ठिकाणी दहा तऱ्हेनं ती बसवावी लागते. मी अशी चांगली, हुशार पोरं थकून नोकरीला परत गेलेली पाहिली आहेत. फ्रापेच्या लोकांनीही २०२२ च्या आवृत्ती १४ मध्ये हेच केलं, पगार-हजेरी वेगळी काढली, शेती, शिक्षण, दवाखाने, भारताचा जीएसटी हे सगळं गाभ्याबाहेर काढून वेगवेगळी अ‍ॅप केली. तूही पीक-मुदत, काटा, उतारा, कोयता अशी आपापली लहान अ‍ॅप ठेव. आणि जे सगळ्यांच्या उपयोगाचं आहे, ते मूळ प्रकल्पाकडं पाठव. ते घेतील तेव्हा घेतील, कधी महिने लागतील, शैली बदलायला लावतील, चाचण्या लिहायला लावतील. सोस. तुझा बदल त्यांच्या घरात गेला की पुढच्या आवृत्तीत तो सांभाळण्याचा भार तुझ्या एकटीवर राहत नाही.

बिल बदलण्याची मागणी मालक करतीलच. 'कालचं बिल जरा दुरुस्त करू दे.' ईआरपीनेक्स्टमध्ये एकदा सबमिट झालेलं बिल बदलता येत नाही, रद्द करून दुरुस्त प्रत काढावी लागते, आणि जुनी प्रत राहते. आम्हीही कीर्दीत खोडाखोड करत नव्हतो, उलट नोंद घालत होतो. ही शिस्त सैल करू नकोस. आता तर कायदाच आहे. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी, कधी, काय बदललं याची बंद न करता येणारी नोंद लागते. आपल्याकडच्या शेतकरी उत्पादक कंपन्या याच कायद्याखाली येतात, त्यामुळं तुझी पहिली परीक्षा तिथं होईल. ऑडिटर विचारेल: कोड खुला आहे, म्हणजे ही नोंद कुणीही बंद करू शकेल? प्रश्न रास्त आहे, रागावू नकोस. सर्व्हरवर कोणती आवृत्ती चालते ते दाखव, ती प्रसिद्ध कोडशी जुळते हे दाखव, आणि डेटाबेसमध्ये थेट कोण शिरू शकतं त्याची लेखी यादी आणि त्या शिरण्याची वेगळी नोंद ठेव. बंद सॉफ्टवेअरमध्ये ऑडिटरला कंपनीच्या शब्दावर विसंबावं लागतं. तू त्याला ओळ न् ओळ दाखवू शकतेस. ही तुझी जमेची बाजू आहे, ती त्याच्यासमोर बसून समजावून सांग. कंपन्यांच्या वह्या आठ वर्षं ठेवाव्या लागतात आणि रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर असावा लागतो, हेही तुझ्या करारात लिहिलेलं असू दे.

पैशाचं बोलतो. अक्काची काळजी इथंच आहे. 'खुलं आहे म्हणजे फुकट ना?' हा प्रश्न तुला प्रत्येक दुकानात येईल, आणि तिथल्याच मशीनवर दुसऱ्या कुणाच्या सॉफ्टवेअरची चोरून आणलेली प्रत चालू असेल. तू सांग: सॉफ्टवेअरचे पैसे घेत नाही. बसवण्याचे, शिकवण्याचे, सर्व्हरचे, आणि दर साली कायद्याप्रमाणं बदलण्याचे घेते. वर्षाची रक्कम आधी घे. महिन्याला मागायला गेलीस की सुगीपर्यंत थांबवतील. एका मोठ्या गिऱ्हाइकावर घर चालवू नकोस. दुसऱ्या कुणी तुझाच कोड घेऊन लातूरला कमी पैशात बसवला तर मनाला लावून घेऊ नकोस, परवान्यानं त्याला तो हक्क दिलेला आहे, जसा तुला ईआरपीनेक्स्टनं दिला. अनुदानं मिळतात. शेअर दलालीतल्या झेरोधा कंपनीनं २०२४ मध्ये खुल्या सॉफ्टवेअरसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा फ्लॉस फंड सुरू केला, अर्ज जरूर कर. पण दुकानाचं भाडं अनुदानातून देण्याचं ठरवू नकोस.

पैसा कमी पडला की मोह होतो. बेल्जियमच्या ओडू या ईआरपीचं बघ, २००५ मध्ये टायनी ईआरपी म्हणून सुरू झालं, पुढं ओपन ईआरपी झालं, आणि २०१५ मध्ये त्याचे दोन भाग झाले. हिशोबाचा पूर्ण भाग पैसे भरणाऱ्यांकडं गेला, खुल्या भागात बिलापुरतं उरलं. गिऱ्हाइकांची नोंद ठेवणाऱ्या शुगरसीआरएमनं पुढच्या आवृत्त्या खुल्या काढणंच थांबवलं आणि लोकांनी जुन्या कोडवरून सूटसीआरएम चालू ठेवलं. कॉम्पिअर या ईआरपीमधून २००६ मध्ये अ‍ॅडेम्पिअर फुटून निघालं. त्या कंपन्यांना पगार द्यायचे होते, मी त्यांना दोष देत नाही. पण ज्यांनी त्यांच्या भरवशावर आपले धंदे उभे केले होते, त्यांची फरपट झाली. तू आजच, पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी, कागदावर लिही की काय कायम खुलं राहील. खतावणी, साठा, पट्टी, आणि डेटा बाहेर काढण्याची सोय यांना कधीही कुलूप लागणार नाही असं लिही, आणि करारात घाल. पुढं तुलाच अडचण आली तर तो कागद तुला आवरेल.

डेटा बाहेर काढण्याबद्दल मी इतका आग्रही का आहे, तेही ऐक. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यात निजामकालीन कागद शोधले गेले. कागद होते, पण ते मोडीत आणि उर्दूत होते, आणि ते वाचणारी माणसं शोधून आणावी लागली. लोकांची नावं त्यांच्याच जिल्ह्यातल्या दप्तरात होती आणि त्यांना स्वतःला ती वाचता येत नव्हती. तुझ्या गिऱ्हाइकांवर ती वेळ येऊ देऊ नकोस. दर वर्षअखेर प्रत्येकाला त्याचा सगळा हिशोब साध्या तक्त्यात, कुठल्याही मशीनवर उघडेल असा काढून दे, सोबत कोणत्या रकान्याचा अर्थ काय हे मराठीत लिहिलेलं एक पान. सर्व्हरची आणि डोमेनची मालकी गिऱ्हाइकाच्या नावावर असू दे, तुझ्या नव्हे. पासवर्ड बंद पाकिटात त्याच्या तिजोरीत. बॅकअप घेतला म्हणून निश्चिंत होऊ नकोस. दर तीन महिन्यांनी तो दुसऱ्या मशीनवर उघडून, कालची बाकी जुळते का ते बघ.

आणि एकटी राहू नकोस. अंबाजोगाईच्या, बीडच्या इंजिनीअरिंग कॉलेजांत पोरं आहेत, त्यांना काट्यावर आण. कॉमर्सची पोरं त्याहून आधी आण, कारण ज्याला नावे आणि जमा कळत नाही, त्याचा कोड कितीही सुबक असला तरी तेरीज जुळत नाही.

आपल्या घरच्या आडतीच्या वह्या मी माळ्यावर जपून ठेवल्या आहेत. त्यांत परत आलेला माल आहे, निम्मे दिलेले पैसे आहेत, पैशाऐवजी ज्वारी देऊन मिटवलेली खाती आहेत, दोन भावांत वाटून घेतलेली एक उधारी आहे. नावं आणि गावं बदलून त्यातला एक अख्खा हंगाम तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये भर, एकही नोंद अवघड आहे म्हणून गाळू नकोस. तेरीज जुळली की फोन कर, मग पहिल्या दुकानदाराशी मी बोलतो.